बारा संकल्प आणि वीस हजार टाके

जानेवारी उजाडला की शिवणाटिपणाची हौस असलेल्या घरात एक नवी वही उघडते. पहिल्या पानावर श्री, आणि त्याखाली वर्षभराची यादी: एक गोधडी, दोन दुपटी, कुंची, क्रोशाचं तोरण, मॅटीवर फुलीच्या टाक्यातले राधाकृष्ण, एका साडीवर कसुती, जमल्यास कांथाची ओढणी, नाहीच जमलं तर स्वेटर. महिन्याला एक काम असा सरळ हिशेब असल्यामुळे यादी बारावर थांबते. वर्षाला अठरा महिने असते तर ती अठरावर थांबली असती. माझं म्हणणं एवढंच की ही यादी चुकीच्या मापात लिहिलेली असते. दूध लिटरवर मोजतात, कापड मीटरवर. तसं सुईकाम टाक्यांवर मोजायला हवं. ‘एक गोधडी’ हे काही माप नव्हे. ‘एक संसार’ म्हणण्याइतकंच ते मोघम आहे.

हिशेब अवघड नाही, फक्त कुणी करत नाही. एका माणसापुरती गोधडी घेऊ: सव्वा मीटर रुंद, दोन मीटर लांब. धावदोऱ्याच्या ओळी सव्वा सेंटीमीटरच्या अंतरावर घातल्या तर त्या शंभर होतात आणि धावदोरा भरतो २०० मीटर. वर दिसणारा टाका आणि खाली दडलेला टाका मिळून एक सेंटीमीटर धरला, तर झाले २०,००० टाके. जाड थरांतून सुई आरपार काढायला टाक्याला सहा सेकंद दिले की ३३ तास २० मिनिटं. यात सुई ओवणं, ओवण्यासाठी चष्मा शोधणं आणि चष्मा सापडेपर्यंत हरवलेली सुई शोधणं धरलेलं नाही. रोज अर्धा तास बसलं तर ६७ दिवस. आता राधाकृष्ण. इंचाला चौदा घरं असलेल्या मॅटीवर एका चौरस इंचात १९६ फुल्या बसतात. दहा बाय दहा इंचांचं चित्र पूर्ण भरायचं तर १९,६०० फुल्या. तासाला दीडशे पडल्या तर सुमारे १३१ तास, म्हणजे अर्ध्या तासाच्या हप्त्यांनी २६२ दिवस. मागची यमुना आणि कदंब गाळून फुल्या वाचवता येतील, पण मग ते दोघं भिंतीवर अधांतरी तरंगताना दिसतील. दोन्ही कामांची बेरीज ३२९ दिवस. उरले ३६. त्यांत गणपती, दिवाळी, घरातली दोन लग्नं, एक ताप आणि यादीतली बाकीची दहा कामं.

तरीही यादी वाया जाते असं नाही. तिच्यातला एक भाग दरसाल न चुकता पार पडतो, तो म्हणजे खरेदी. भरतकामाची लडी आठ मीटरची, सहा पदरी. मॅटीवर साधारण दोन पदर वापरतात, म्हणजे एक लडी चोवीस मीटर पुरते, हे कुणालाही कळतं. पण दुकानात पिवळ्याशेजारी जरा कमी पिवळा आणि त्याच्याशेजारी त्याहून जरा कमी पिवळा मांडलेला असतो, आणि कृष्णाच्या पितांबरासाठी नेमका कुठला लागेल हे घरी गेल्यावरच कळणार असतं. म्हणून तिन्ही. बाराच्या बारा कामांचं सामान संक्रांतीच्या आत कपाटात असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आजीच्या पिढीनं एवढं सगळं केलं ते कसं? केलं, पण यादीनं नव्हे. दुपट्याला बारशाची तारीख असे, आणि ती पुढं ढकलण्याची सोय कुणाकडेच नव्हती. गोधडीचं कापड दुकानातून येत नसे, अंगावरून येई. नऊवार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. लांबीचे चार भाग करून एकावर एक ठेवले की दोन मीटरचा चौपदरी थर तयार. लुगडं विरलं की गोधडी, नाही विरलं तर नाही, इतकं नियोजन पुरे असे. शिवाय उन्हाळ्यात शेतातली कामं थंडावली की एकाच गोधडीभोवती तीन-चार बायका बसत आणि वीस हजारांची वाटणी होई. आजच्या वहीत मात्र सगळे टाके एकाच नावावर असतात, सातबाऱ्यासारखे. यादीवाचून काम आजही चालतं: उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणलेले आणि गोव्यातून निसटलेले त्यांचे अनेक पूर्वज तिकडच्या जंगलात स्थिरावले. या बायका कागदावर काही आखत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात, मग कडेकडेनं तुकडे जोडत मध्याकडे, आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाच्या ‘फुला’. पुढचा तुकडा कुठला, हे समोरचं गाठोडं ठरवतं.

दुसरा आक्षेप: शिवणयंत्र आहे की! आहे, आणि त्यावर गोधडी दुपारभरात होते हेही खरं, वरचा थर पुढं आणि खालचा मागं असा संप त्यांनी पुकारला नाही तर. पण मग छंद दुपारभराचाच उरला. उरलेल्या ३६४ दिवसांसाठी नवी यादी लागेल, आणि आपण पुन्हा दुकानात.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यादी म्हणजे करार नव्हे, उत्साह आहे. त्याला त्रैराशिकात कशाला जुंपता? कबूल. पण कसुतीतला गवंती टाका बघा. धाग्याला गाठ मारायची नाही. सुई धावदोऱ्यानं एक घर सोडून एक भरत जाते आणि त्याच वाटेनं परत येताना सुटलेली घरं भरते, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. अर्ध्यावर सोडलेली गवंती म्हणजे नुसती तुटक रेघ. जानेवारीतल्या उत्साहाला जायची वाट पाठ असते. परतीची घरं भरायला फेब्रुवारी लागतो, आणि फेब्रुवारीत हळदीकुंकवाची आमंत्रणं आणि मुलांच्या परीक्षा येतात.

तेव्हा वहीत बाराऐवजी दीड काम लिहावं, आणि त्यातलं अर्धं गेल्या वर्षीचं असावं. कपाटातल्या नव्या कोऱ्या सुती कापडाचं काय, हा प्रश्न उरतो. गोधडीच्या पोटात घालायला ते जुनं हवं, आणि ठेवून ठेवून आणखी दहा वर्षांनी होईलच जुनं, अशी एक समजूत घरोघरी असते. ती खोटी आहे. कापड पडून पिवळं होतं, घडीवर विरतं, पण मऊ होत नाही. मऊ व्हायला ते शंभरदा धुवावं लागतं. आणि धुवायला आधी कुणीतरी ते नेसावं लागतं.