राणीचं अभ्यंगस्नान

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भिवंडीतल्या आमच्या घरी इंग्लंडच्या राजघराण्याला अंघोळ घालतात. आत्या पितळी डबा उघडून राणी छाप, राजा छाप रुपये परातीत ओतते आणि आधी चिंचेचा कोळ, मग राख, शेवटी टूथपेस्ट अशा क्रमाने सगळ्यांना चोळून काढते. सातवा एडवर्ड बिनमुकुटाचा, टक्कल उघडं. ते घासताना आत्याला विशेष हुरूप येतो. लक्ष्मीपूजनाला रुपये असे लखलखतात की शेजारचे काका डोळ्यांवर हात धरतात. तेजाने नाही, दुःखाने.

काकांचा जन्म कापडाच्या घडीखात्यात गेला. ताग्यातला तुटका धागा त्यांना चालता चालता दिसतो. नाण्याची प्रतही ते त्याच भाषेत लावतात: फ्रेश, सेकंड, फेंट आणि चिंधी. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली, ती पुढे चांदीच्या डॉलरलाही लागली. साठ आणि त्यावर म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं. काकांना इतके आकडे लागत नाहीत. पाचव्या जॉर्जचा रुपया हातात आला की ते भिंगातून आधी त्याच्या झग्यावरचा हत्ती शोधतात, राजाकडे मागाहून बघतात. हत्तीची सोंड-कान शाबूत असले तर माल बरा. नुसता फुगवटा उरला असेल तर फेंट. माळेसाठी कडी डाकलेला रुपया सरळ चिंधीत.

या हत्तीने सरकारलाही घाम फोडला होता. १९११च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. एवढा गहजब झाला की सरकारने नाणं मागे घेतलं, बहुतेक रुपये वितळवले आणि १९१२ साली हत्तीला नीट सोंड दिली. म्हणून आज त्या ‘डुकरा’ला भाव आहे.

मध्यंतरी अमेरिकेतल्या भाच्याने आत्याला जुना मॉर्गन डॉलर आणून दिला. २६.७३ ग्रॅमचा ऐवज, चांदी ९० टक्के. आत्याने तो तळहातावर तोलला आणि म्हणाली, ‘‘जाडजूड आहे रे, पण आपला रुपया चोख.’’ बरोबरच होतं. आपला जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. (१९४०पासून ती निम्म्यावर आली, हे मी तिला सांगितलं नाही.) भाचा मात्र हरायला तयार नव्हता. पहिल्या महायुद्धात इथे चांदीचा खडखडाट झाला, तेव्हा १९१८च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने २७ कोटी डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानात रुपये पाडायला ब्रिटिशांना विकली. तेव्हा १९१८-२०चा राजा छाप मूळचा डॉलर असू शकतो, असं त्याने बजावलं. ‘‘परदेशातून आलाय होय! मग तर धुवायलाच हवा,’’ म्हणून आत्याने चिंच भिजत घातली.

काकांचं दुखणं इथेच आहे. रुपया मळाने काळा होत नाही. हवेतलं गंधक चांदीला चिकटून सल्फाइडचा पातळ थर बनतो. चिंचेतलं आम्ल नाण्याच्या पृष्ठभागाला अपाय करू शकतं. राख आणि टूथपेस्ट बारीक ओरखडे काढतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण घेणाऱ्याच्या भिंगाखाली शेतातल्या नांगरटीसारखे उठून दिसतात. ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय रसायनशास्त्राला धरून आहे, सल्फाइडची पुन्हा चांदी होते. पण नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला रंग जातो आणि ते नव्या स्टीलच्या वाटीसारखं दिसू लागतं. संग्राहकाला तो रंगच हवा असतो.

धुवायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एखादा थेंब, कडेने धरणं आणि न चोळता मऊ कापडाने टिपणं. तेलकट किंवा अल्बमच्या प्लास्टिकची चिकट हिरवट साय आली असेल तर शुद्ध ॲसिटोन, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस बंद करून. नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली त्या कामाला नको, त्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं.

आत्याला मी चुकीचं ठरवत नाही. हत्ती झिजलेल्या रुपयाला सराफ चांदीच्या वजनाचेच पैसे देणार. असे दोन-चार पूजेला काढून ठेवावेत आणि खुशाल घासावेत. बाकीचे कोरड्या सुती कापडात गुंडाळा. भिवंडीत कापडाची चणचण नाही. आणि डब्यातून १९३९चा सहावा जॉर्ज निघाला, तर तो फार दुर्मिळ आहे आणि त्याच्या नकला मुबलक, म्हणून आधी जाणकाराला दाखवा. तोवर चिंच आमटीत घाला.