उच्चारकाका

आमच्या सोसायटीतल्या उच्चारकाकांना तुम्ही काय सांगताय याच्याशी देणंघेणं नसतं. सगळं वाक्य कानावरून जातं, अडकतो तो फक्त इंग्रजी शब्दातला एखादा स्वर. परवा एका लग्नात मुलीच्या भावाने (मर्चंट नेव्हीत आहे बिचारा) सांगितलं, "सहा-सहा महिने शीपवर असतो, काका." काकांनी तोंडाशी नेलेली जिलबी पानात ठेवली. "मेंढीवर? किती जण मावता रे तिच्यावर?" मग भर पंगतीत प्रात्यक्षिक सुरू. ओठ फाकवून, दात दाखवून मेंढी. जबडा सैल सोडून जहाज. पुन्हा मेंढी, पुन्हा जहाज. काकांना ठसका लागला असं वाटून वाढपी पाणी घेऊन धावला.

खरं तर त्या पोराचा काही दोष नाही. मीठ, वीट, तूप, फूल असं बोलतच आपण मोठे होतो. अशा शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार लांबवायचं वळण मराठी जिभेला पडलेलं असतं. त्या जिभेवर आलं की जहाजाची मेंढी व्हायचीच. त्यातून इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच आणि ब्रिटिश वळणाच्या बोलण्यात प्रत्यक्ष स्वर वीसेक. एवढे स्वर आपल्या बाराखडीत बसवताना दाटीवाटी होणारच. म्हणून आपल्याकडे शाळेतली परीक्षाही टेस्ट आणि आमटीची चवही टेस्ट. खिशातलं पेन आणि गुडघ्यातलं पेन यांत कानाला फरक नाही.

काकांचं इंग्लंडशी नातं जुनं. डॅनिएल जोन्सचा उच्चारकोश 1917 साली निघाला. त्याची एक जुनी आवृत्ती काकांच्या कपाटात असते, खाकी कव्हर घालून. ती उघडलेली मात्र कुणी पाहिलेली नाही. 2009 साली राज्य शासनाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत अधिकृत जागा दिली, तेव्हा काकांनी मजल्यावर पेढे वाटले; लोकांना वाटलं, नातू झाला. 'ती फुलराणी'ला गेले तर सगळं थिएटर मंजुळेच्या बाजूने आणि हे एकटे प्रोफेसरांच्या. मध्यंतरानंतर काकू दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या असं ऐकतो.

कव्हर काढून कोश वाचला असता तर काकांचा एक मोठा गैरसमज गेला असता. त्यांच्या मते इंग्रजी म्हणजे प्रत्येक स्वर वाजवून घ्यायचा. 'पोलीस'मधला पो ते तोंडाचा चंबू करून काढतात, 'बनाना'तला शेवटचा ना ठासून म्हणतात. आणि इंग्रजी बोलण्यात सगळ्यात जास्त येणारा स्वर कुठला? जवळपास आपला 'अ'च. साधा, आळशी. ज्या अक्षरावर जोर नाही, त्यासाठी इंग्रज माणूस धड तोंडही उघडत नाही. लंडनमध्ये 'पोलीस'चं 'पलीस' होतं आणि केळ्यातला शेवटचा ना जेमतेम न उरतो. चंबूचं तिथे कामच नाही.

हे मला कळलं ते कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींमुळे. काका पिशवी घेऊन उभे होते.

"टमाटे देऊ का, काका?"

"टोमॅटो म्हणा, मावशी. टो-मॅ-टो."

"तेच की वो. अर्धा किलो करू?"

काकांनी अर्धा किलो घेतले आणि माझ्याकडे वळून, या देशाचं काही खरं नाही अशा अर्थाची मान हलवली. मी घरी येऊन उच्चार तपासला. इंग्लंडात पहिलं अक्षर नुसतं ट, दुसरं लांब मा. अमेरिकेत त्या माचा मे होतो, पण ट तिथेही नुसताच. काकांचा टोमॅटो दोन्हीकडे चालत नाही. मावशींच्या टमाट्याचे पहिले दोन स्वर बीबीसीच्या बातम्यांत बिनतक्रार खपतील.