आबांचा वर्ग

मोबाइलवरचं व्याख्यान ऐकायला आबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. पडद्यावर प्राध्यापक आले की खुर्चीतून अर्धे उठतात. "अहो, त्यांना तुम्ही दिसत नाही," असं काकू रोज सांगतात. "मला ते दिसतात ना," हे आबांचं ठरलेलं उत्तर.

आबा सातपूर एमआयडीसीत फिटर होते. 1989 साली नाशकात मुक्त विद्यापीठ निघालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत. आबांच्या घरी ती गंगा पुस्तकांच्या गठ्ठ्यातून आली. रात्रपाळीत चहाच्या सुट्टीला वाचन, रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र, असं करत गडी बीए झाला. 'पोस्टाची डिग्री' म्हणून मेहुणे हसले, तर आबांनी चार दिवाळ्या त्यांच्याकडे फराळ केला नाही.

तेच आबा नातीला म्हणाले, "मोबाइलवर कुठं शिक्षण असतं? रिचार्ज संपला की विद्या संपली!" नातीनं 'स्वयम'वर, म्हणजे 2017 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या मंचावर, एक विषय घेतला होता. त्याचं क्रेडिट कॉलेजात धरलं जाणार होतं. शिकणं फुकट आहे म्हटल्यावर आबांचा संशय पक्का झाला. प्रमाणपत्र हवं तर फी भरून केंद्रावर परीक्षेला बसावं लागतं हे कळलं, तेव्हा कुठे चेहरा उजळला. "फी आहे? मग खरं असेल."

आणि स्वतःच नाव घातलं. विषय अर्थशास्त्र.

वीस मिनिटांच्या व्हिडिओला आबांना अडीच तास लागतात, कारण वाक्यागणिक थांबवून ते वहीत उतरवून घेतात. नात दीडपट वेगानं ऐकते, तो त्यांना सरांचा अपमान वाटतो. "माणूस मध्ये श्वास घेतो. तेवढ्यात आपण समजून घ्यायचं असतं." पीडीएफची छपाई झाली, वर स्पायरल, खाकी कव्हर, लेबल. झेरॉक्सवाल्याचं बिल बघून काकू म्हणाल्या, "फुकटचं बरंच महागात पडलं." शंका विचारायच्या चौकटीत आबा 'माननीय सरांच्या सेवेशी' अशी सुरुवात करतात आणि खाली पूर्ण पत्ता देतात, पिनकोडसकट.

मी हसतो खरा. पण मी नाव घातलेले पाच कोर्स पहिल्याच आठवड्यात पडून आहेत, आणि आबांची तिसरी वही चालू आहे.

काल संध्याकाळी गेलो तर नेट अडकलेलं. पडद्यावर सरांचं तोंड उघडं, मधोमध चक्र फिरतंय. आबा पेन सरसावून तसेच बसलेले.

"आबा, बंद करा, येणार नाही आता."

"शू! सर विचार करतायत."