पाणघोड्याची वहिवाट

युगांडातील मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात, नाईलच्या अगदी काठावरील ज्या लॉजवर आम्ही उतरलो होतो, तेथील प्रत्येक खोलीच्या दाराला आतल्या बाजूने एक जाहीरनामा डकवलेला होता. आणि अशा कागदांवर न्याहारीच्या वेळा, धोब्याचे दर व खोली रिकामी करण्याची मुदत यांपलीकडे काही नसते हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे आम्ही त्याकडे दुर्लक्षच केले असते, परंतु महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले आमचे स्नेही रावसाहेब आमच्याबरोबर सपत्नीक होते, आणि भिंतीवरचा छापील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नसे. त्यांनी चष्मा पुसून खड्या आवाजात वाचून दाखवले की, सूर्यास्तानंतर कोणाही पाहुण्याने पहारेकरी सोबत घेतल्यावाचून खोलीबाहेर पडू नये, खाद्यपदार्थ खोलीत ठेवू नयेत, खिडक्या उघड्या टाकू नयेत, आणि हिरवळीवर पाणघोडा आढळल्यास त्याच्या वाटेत येऊ नये.

"म्हणजे भाडे आपण भरायचे," रावसाहेब म्हणाले, "आणि वहिवाट त्याची."

हे विधान थट्टेने केलेले असले तरी वस्तुस्थितीस धरून होते. हे उद्यान १९५२ साली जाहीर झाले; त्याचा विस्तार सुमारे ३,८४० चौरस किलोमीटर असून युगांडात याहून मोठे राष्ट्रीय उद्यान नाही; पण त्यामधून वाहणाऱ्या व्हिक्टोरिया नाईलच्या दोन्ही थड्यांवरचा पाणघोड्यांचा अंमल मात्र सर्व सरकारी जाहीरनाम्यांच्या आधीपासून अव्याहत चालत आलेला आहे. या प्राण्याची त्वचा उन्हात करपते, म्हणून दिवसभर तो डोळे, कान व नाकपुड्या एवढाच ऐवज पाण्याबाहेर ठेवून पडून राहतो, आणि अंधार पडला की दीड-दोन टनांचा देह सावरीत काठावर येऊन एका रात्रीत चाळीस किलोंच्या आसपास गवत फस्त करतो. आता लॉजवाल्यांनी पाहुण्यांच्या नेत्रसुखासाठी पाणी घालघालून हिरवळ राखावी, आणि ती आपल्याच पोटापाण्याची सोय आहे अशी पाणघोड्याने समजूत करून घ्यावी, यात चूक कोणाची हे ठरवणे दिवाणी न्यायालयासही जड जाईल. शिवाय नर पाणघोडा स्वतःची विष्ठा शेपटीने चौफेर उडवून हद्दीच्या खुणा करतो, असे रेंजरने सांगितले, तेव्हा रावसाहेबांनी या पद्धतीला मनापासून मान्यता दिली. कारण मोजणी खात्याने पुरलेला दगड शेजारचा शेतकरी रातोरात सरकवतो, तशी ही खूण उचलून पलीकडे ठेवण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

प्रत्यक्ष गाठ पडली ती पहिल्याच रात्री. भोजनगृह आमच्या खोल्यांपासून फार तर शंभर पावलांवर होते. जेवण आटोपून आम्ही निघालो, तो पुढे विजेरी व काठी घेतलेला अस्करी (पहारेकऱ्याला तिकडे अस्करीच म्हणतात), त्याच्या मागे रावसाहेब, मग वहिनी, आणि सर्वांत शेवटी, पाठीमागे कोणी आहे काय हे पाहण्याचा बिनपगारी हुद्दा पत्करून, मी. निम्म्या वाटेवर अस्करीने हात वर केला. विजेरीच्या झोतात प्रथम काहीच दिसले नाही. नंतर, ज्याला आम्ही इतका वेळ अंधाराचाच एक दाट भाग समजत होतो, तो भाग चावू लागला. रुंद ओठांनी गवत खुडण्याचा तो करकर आवाज इतका शांत, इतका नियमित आणि आमच्या अस्तित्वाविषयी इतका उदासीन होता की, रावसाहेबांच्या आतील अधिकारी जागा झाला.

"अहो, त्याला हाकला की," ते इंग्रजीत म्हणाले.

अस्करीने तितक्याच अदबीने उत्तर दिले, "साहेब, आपले जेवण झाले. त्याचे चालू आहे."

यावर अपील नव्हते. पाणघोडा स्थूल आहे म्हणून तो मंद असावा असा एक लोकप्रिय समज आहे. वस्तुतः तो जमिनीवर ताशी तीस किलोमीटर वेगाने धावू शकतो, आणि त्याला विशेष संताप येतो तो त्याच्या व पाण्याच्या दरम्यान कोणी उभे राहिले म्हणजे. पायवाटेच्या डाव्या अंगास नाईल होती, उजव्या अंगास तो होता, आणि दरम्यान नेमके कोण होते हे सांगावयास नकोच. अस्करीने आम्हांला एकेक पाऊल मागे घेववून भोजनगृहात आणून सोडले, आणि तेथे आम्ही प्रतिपक्षाचे पोट भरण्याची वाट पाहत बसलो. तेवढ्या अवधीत रावसाहेबांनी कागदी रुमालावर रीतसर पंचनामा लिहून काढला: प्रतिवादी जागेवर हजर, तोंडी समज देण्याची सोय नाही, वहिवाट शाबीत. साक्षीदार म्हणून मी सही केली. वहिनींनी मात्र साफ नकार दिला.

"अहो, उद्या त्याने वाचला म्हणजे?"

या सक्तीच्या मुक्कामात तेथल्या पाकशाळेचा अधिक परिचय झाला. हिरवी केळी वाफवून केलेला मातोके आणि त्यावर भुईमुगाच्या दाण्यांचे दाट कालवण हे युगांडातले खरे अन्न, आणि ते उत्तम होते. पण शेजारच्या पात्रात सामोसे होते आणि चपात्याही होत्या. वहिनींनी चपातीचा तुकडा मोडून ती मैद्याची असल्याचा निर्णय दिला, तथापि तिला नावे ठेवली नाहीत. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांच्या मुदतीने देशाबाहेर घालवले. माणसे गेली, त्यांची दुकाने व घरे गेली, चपातीला मात्र हद्दपारीचा हुकूम लागू करणे त्याला जमले नाही, आणि आज ती तिकडे रस्तोरस्ती, ती आपली नव्हे असे स्वप्नातही न वाटणारी माणसे, मोठ्या आवडीने खातात.

दुसऱ्या दिवशी लाँचमधून धबधब्याकडे निघालो. काठावर मगरी तोंड उघडे टाकून पडल्या होत्या, आणि वहिनींनी पर्समधील पुडी काढून नाईलला हळदकुंकू वाहिले तेव्हा त्यांतील एकीने डोळाही उघडला. याच नदीच्या वरच्या अंगास, जिंजा येथे, १९४८ साली महात्माजींच्या रक्षेचा काही अंश विसर्जित झाला होता, तेव्हा त्या नमस्काराला परके म्हणण्याचे कारण नाही. पुढे ही एवढी थोरली नदी खडकाच्या सुमारे ७ मीटर रुंद फटीत शिरते आणि ४३ मीटर खाली कोसळते. तो गदारोळ पाहताना रावसाहेबही काही काळ निःशब्द झाले, यापलीकडे त्याचे वर्णन करण्याची माझी शक्ती नाही.

नावाचा इतिहास मात्र त्यांच्या खास आवडीचा निघाला. १८६४ साली इंग्रज शोधप्रवासी सॅम्युअल बेकर सपत्नीक येथवर पोहोचला, आणि त्याने या धबधब्याला लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष सर रॉडरिक मर्चिसन यांचे नाव दिले. अध्यक्षमहाशयांनी हा धबधबा जन्मात पाहिला नाही. परंतु उत्तम वस्तूला वरिष्ठाचे नाव द्यावे हा शिरस्ता सर्व दप्तरांतून मान्य आहे. पुढे अमीनच्या अमदानीत त्याला काबालेगाचे नाव लागले. इंग्रजांशी झुंजलेला आणि त्यांनी सेशेल्स बेटांवर हद्दपार केलेला बुन्योरोचा हा राजा; माझ्या मते ते नाव राहावयास हवे होते, पण ते लावणाऱ्या हातानेच त्याचा घात केला, आणि १९७९ साली अमीन पळाल्यानंतर मर्चिसनसाहेब पुन्हा दाखल झाले. "म्हणजे दोन फेरफार," रावसाहेब म्हणाले, "आणि दोन्ही वेळा धबधब्याला नोटीस नाही."

याच परिसरात जानेवारी १९५४ मध्ये अर्नेस्ट हेमिंग्वेचे विमान तारेला अडकून पडले. तो वाचला, लाँचमधून बुतियाब्याला पोहोचला, तेथून दुसऱ्या विमानात बसला, आणि त्या विमानाने उड्डाण करतानाच पेट घेतला. जगभर त्याच्या निधनाच्या बातम्या छापून आल्या, व त्या त्याने स्वतः वाचल्या. आमची लाँच वेळेवर परत आली.

उत्तर तीरावरील मोटारीच्या फेरीविषयी विस्तार करीत नाही. हत्ती, जिराफ, रानम्हशी व कॉब हरणे यथास्थित दिसली. सिंहाची पाठ दिसली. रावसाहेबांनी गडद निळा कोट घातला होता, आणि त्सेत्से माशीला निळा व काळा रंग विशेष प्रिय असल्यामुळे आम्हां सर्वांच्या वाट्याचे दंश त्यांनी एकट्याने घेतले. शेवटी त्यांनी वाघ कोठे असतो म्हणून विचारले. वाघ आफ्रिकेत नाही, तो तुमच्याकडे, असे रेंजरने सांगताच खाजवणे थांबवून ते ताठ बसले.

वाचकांपैकी कोणास तिकडे जावयाचे असल्यास डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने गाठावेत, निळे कपडे घरी ठेवावेत, आणि पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचून घेऊन तिचा दाखला पासपोर्टाइतकाच जपावा. तो युगांडात उतरताना मागतात आणि परतताना मुंबईसही मागतात. मुंबईस तो दाखवता आला नाही, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा सरकारास अधिकार आहे.