आपला माणूस

न्यू जर्सीतल्या एडिसनचे नाना टीव्ही बघत नाहीत, पहारा देतात. पडद्यावर गव्हाळ चेहरा झळकला की आरोळी : "अगं ए, ये लवकर, आपला माणूस!" काकू कणकेच्या हातांनी बाहेर येईपर्यंत जाहिराती सुरू झालेल्या असतात.

पुढे 'आपला' म्हणजे नेमका कुठला, याची छाननी. 'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू १९९०पासून होता, आवाज मात्र हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. ऑफिसात कुणी त्याच्या ढंगात बोललं की नाना कसनुसं हसत. २०२०मध्ये अझारियाने तो आवाज सोडला, तेव्हा म्हणाले, "बरं झालं." आणि जरा वेळाने, "पण इतकी वर्षं तेवढाच एक होता हो!"

'बिग बँग थिअरी'तला राज आडनावाने कूथ्रप्पाली, गावाने दिल्लीचा. हे कोडं सोडवण्यात नानांचा अख्खा रविवार गेला. 'नेव्हर हॅव आय एव्हर'मध्ये गणेशपूजा आहे असं कळल्यावर काकूंना उकडीचे मोदक करायला लावले. घर निघालं तमिळ. "गणपती आपला, यजमान त्यांचे," असा निकाल देऊन त्यांनी सात मोदक संपवले.

खरी कसोटी लागली 'इंग्लिश विंग्लिश' या चित्रपटाला. पुण्याच्या शशी गोडबोले थेट न्यूयॉर्कात! नाना सरसावून बसले. पण गोडबोलेबाई श्रीदेवी, यजमान आदिल हुसेन, आणि घरात सगळे बोलतात हिंदी. "अहो, पुण्यातले गोडबोले एकमेकांशी हिंदीत भांडतील का?" सासूच्या भूमिकेत सुलभा देशपांडे दिसल्या तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. "सासू अस्सल आहे," ते म्हणाले. लेखिका-दिग्दर्शिका गौरी शिंदे पुण्याच्याच, हे मी सांगून पाहिलं. "मग तर त्यांना कळायलाच हवं होतं!"

नानांचा मुलगा एडिसनमध्येच वाढलेला. तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच लिहा ना एक मालिका." नानांनी खरंच वही काढली. नायक एडिसनचा, मूळचा वाईचा, इथवर झकास जमलं. मग नायक वाईत नेमक्या कोणत्या आळीतला, यावर गाडी अडली ती अडलीच.

मराठी वाहिन्यांचे पैसे नाना दर महिन्याला भरतात. त्या बघतात काकू, आतल्या खोलीत, दार लावून. नानांना त्या मालिका चालत नाहीत. त्यांतली माणसं खरी वाटत नाहीत म्हणे.