गासडीमागे किती?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात माणसांच्या सुमारे तिप्पट गुरं आहेत. त्यातल्या सँडहिल्स भागात, गवतानं झाकलेल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये, रँचवाल्यांची एक जात हमखास भेटते: हिवाळ्यातला चाऱ्याचा खर्च कमी करणारे गृहस्थ. वय साठीपुढचं, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेली टोपी, खिशात वही.

त्या वहीत नातवंडांचे वाढदिवस नसतात, गायीमागे रोजचा खर्च असतो. साडेपाचशे किलोची गाय दिवसाला दहा-बारा किलो वाळलं गवत खाते, हे ते न विचारता सांगतात, मयताला आलेल्यांनाही. गवताची गोल गासडी दिसली की त्यांना वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवतं. "सहा फुटी गासडी उघड्यावर राहिली, भोवतीचं सहा इंच सडलं. किती गेलं?" आपण म्हणतो, थोडंसं. "तीस टक्के!" (गणित बरोबर आहे, करून पाहा.) म्हणून त्यांच्या गासड्यांना खाली खडी आणि वर ताडपत्री असते. घराचं छप्पर दोन वर्षं गळतंय, पण त्याखाली गवत ठेवलेलं नाही.

गव्हाणीच्या बाबतीतही तेच. मिशिगन स्टेट विद्यापीठानं २००३ साली छापलेले आकडे त्यांना पाठ आहेत: शंकूच्या आकाराच्या गव्हाणीत साडेतीन टक्के गवत वाया जातं, पाळण्यासारख्या गव्हाणीत जवळपास पंधरा. शेजाऱ्याकडे पाळणा आहे. गृहस्थ त्याच्याशी बोलतात, पण जरा कीव आल्यासारखं.

व्हिटमन गावाजवळ नेब्रास्का विद्यापीठाचं गुडमंडसन संशोधन केंद्र आहे. तिथल्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसतात. तिथले सल्ले असे: वासरं फेब्रुवारी-मार्चऐवजी मे-जूनमध्ये होऊ द्या, म्हणजे दुभत्या गायीची भूक आणि हिरवं गवत एकाच वेळी येईल. कुरण राखून ठेवा, थोडी प्रथिनांची पेंड दिली की गाभण गाय सुक्या गवतावरही हिवाळा काढते. कापणी झालेली मक्याची शेतं चरायला भाड्यानं घ्या. गाय आधी सांडलेली कणसं खाते, मग पानं, आणि अगदीच नाइलाज झाला तर ताटं, ही माहिती वक्त्याच्या आधी हेच पुरवतात. वर सुनावतात, "गायीला चार पाय आहेत. तिनं गवताकडे जावं. गवतानं ट्रॅक्टरवर बसून तिच्याकडे का यावं?" टाळ्या पडतात.

आणि जानेवारीत सकाळी सातला ट्रॅक्टर सुरू.

कुरणात गवत असतं. पातळ बर्फ तोंडानं बाजूला सारून ते खायची अक्कलही गायींना असते. पण ट्रॅक्टरची घरघर ऐकली की साऱ्या जणी फाटकाशी येऊन हंबरडा फोडतात. गृहस्थ म्हणतात, "बघा, भुकेल्यात!" त्या लाडावल्यात, एवढंच. मला विचाराल तर हिवाळ्यातलं निम्मं गवत गायीसाठी नसतंच, मालकासाठी असतं. गासड्या टाकायच्या नाहीत, तर डिसेंबर ते मार्च या माणसानं करायचं काय? हाच प्रश्न त्यांच्या बायकोलाही पडतो, आणि तिला तो जास्त काळजीचा वाटतो. शिवाय त्या ट्रॅक्टरचे हप्ते आहेत. त्यांची नोंद वहीत नाही. ते 'यंत्रं' या सदरात जातात, आणि यंत्रांचा चाऱ्याशी काय संबंध?

यंदा मात्र त्यांनी मोठा बदल केला. मॅनिटोबाच्या गस कोनेफल नावाच्या रँचवाल्यानं दाखवून दिलं होतं की गाभण गायींना संध्याकाळी चारा घातला तर जास्त वासरं दिवसा जन्मतात. चारा कमी कसा घालावा यावर त्यांनी आयुष्यभर वाचन केलं. अंमलात आणलं ते केव्हा घालावा हे. ट्रॅक्टर आता संध्याकाळी पाचला निघतो. बायकोला वाटलं, चला, निदान सकाळची कॉफी दोघांची एकत्र होईल. सकाळी साडेसहाला गृहस्थ पिकअप काढून कुरणावर गेलेले असतात, रात्रीतून गायींना भूक लागली नाही ना ते बघायला. जाताना एक गासडी मागे टाकलेली असते, असावी म्हणून.