आदत, दुसा, चौसा

जुलै लागला, पेरण्या उरकल्या, की कड्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात तात्यांची यादी निघते. यादी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर असते आणि पत्रिका कोपरीच्या आतल्या खिशात. आष्टी तालुक्यातल्या शाळांमधून यंदा क्रॉसकंट्रीला पहिला कोण, दुसरा कोण, असे दहा नंबर. तालुक्याच्या शर्यतीला अजून महिना असतो. आपल्याकडे पळणारं पोरगं आहे हे कित्येक शाळांना अजून माहीत नसतं. उन्हाळ्यापासून पुष्कळ पोरांच्या पायात बूट गेलेला नसतो. काहींच्या उन्हाळ्याआधीही गेलेला नसतो. पण यादी पक्की. खोडायचं म्हटलं तर पत्रिकेचा कागद गुळगुळीत, पेन नीट उठत नाही, म्हणूनही पक्की.

तात्या एकटे नाहीत. बीड जिल्ह्याचे तालुके 11, आणि दर तालुक्याला असा एक माणूस आहेच. कुठं तो आप्पा असतो, कुठं बापू. आमच्या तात्यांचा आवाज मोठा, कारण मांडवा गाव आमच्या तालुक्यात आहे. मांडव्याचं पुढं येईलच. तात्या ते येऊ दिल्याशिवाय राहत नाहीत.

मूळचे तात्या हेडी. बैलांचे. बाजारात बैल चालत आला की त्याचा खूर, मांडी, वशिंड बघून तो नांगराला किती वर्षं टिकेल हे सांगणार आणि सांगितलं ते ठरणार. पुढं घरोघर ट्रॅक्टर आले, बाजार ओस पडले, आणि तात्यांची नजर बेकार झाली. माणूस रिटायर होतो, नजर होत नाही. ती रस्त्यानं पळणाऱ्या पोरांवर जाऊन बसली. पोरांना तोटा नव्हता. पोलीस भरतीत 1600 मीटरला 20 गुण आहेत, त्यामुळं पहाटे पाचला आमच्या रस्त्यांवर गाड्यांपेक्षा पोरं जास्त असतात.

शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. तात्यांच्या तोंडी ते बैलांसारखे, दातांवरून, आदत, दुसा आणि चौसा. एखाद्या पोराच्या ओठावर मिसरूड दिसलं आणि ते सतराखाली उभं राहिलं, की तात्या माझ्या कानाशी येतात. "सर, हे जुळलंय बरं का. कागद काय बी म्हणू द्या." जन्मदाखला, आधार, शाळेचा निर्गम उतारा, या सगळ्यांपेक्षा तात्यांचा भरवसा दातांवर. एकदा एका पोराला त्यांनी खरोखर आ करायला लावलं होतं. पोराला वाटलं, आरोग्य तपासणी आहे.

मी इथल्या एका शाळेत गणित शिकवतो. स्पर्धा आल्या की गणितवाल्याच्या हाती घड्याळ देतात, कारण घड्याळात आकडे असतात. एवढ्या पात्रतेवर मी तालुक्याचा वेळाधिकारी आहे. तात्यांच्या लेखी मात्र मी आतला माणूस, आणि म्हणून त्यांच्या टेबलावर माझा चहा फुकट.

समोरच्या खुर्चीवर बँकवाले. हे निवृत्त कॅशियर, मूळचे माजलगावचे, सासुरवाडीला येऊन स्थायिक झालेले. त्यांच्याकडे स्पायरलची वही आहे आणि वहीत तीन वर्षांच्या वेळा, सेकंदांसकट. बँकवाल्यांचं म्हणणं, नंबर वेळेवरनं लावायचा. तात्यांचं म्हणणं, वेळ काय सांगते? कोण कोणाच्या पुढं गेलं ते बोला.

वादाचा पहिला टप्पा भूगोलाचा. तात्या बालाघाटाचे, बँकवाले गंगथडीचे. "डोंगरातलं पोरगं चढाला दम काढतं. तुमची गंगथडीची पोरं काळ्या रानातली. सपाटीला पळतील, घाट आला की म्हशीवानी बसतील." यावर बँकवाले सांगतात की पाऊस झाल्यावर काळ्या मातीत जो पळतो त्याच्या पायाला दर पावलाला किलोभर चिखल असतो, सबब तो वजन घेऊन पळत असतो. कॅशियर माणूस, किलोचा हिशोब चोख.

दुसरा टप्पा अंतराचा. क्रॉसकंट्रीला ट्रॅक नसतो. माळ, बांध, ओढा, गाडीवाट, जसं गावेल तसं. अंतर मोटरसायकलवरून मोजतात. तेव्हा एका शाळेच्या सरावाची वेळ दुसऱ्या शाळेच्या वेळेशी ताडून बघायची तर आधी दोन्ही मोटरसायकली ताडाव्या लागतील. हे मी एकदा बोलून बसलो. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी कीर्तनात देव आहे का असं विचारलं. गुपचूप चहा प्यालो.

एरवी ही बैठक हमरीतुमरीवर येते, पण वरचे नंबर कधी मोठ्यानं बोलले जात नाहीत. ते रुमालाखाली ठरतात. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत; हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. तात्यांनी ती रीत तशीच चालू ठेवली आहे. टेबलावर पंचा पसरतात, खाली दोघांचे हात. तात्या दोन बोटं धरतात, बँकवाले मान हलवतात, तीन देतात, तात्या हात झिडकारतात. हॉटेलवाला भजी तळता तळता थांबून बघतो. खाली चाललंय काय, तर धानोऱ्याच्या नववीतल्या एका पोराला दुसरा नंबर द्यावा की तिसरा. ते पोरगं त्या वेळी शेरडं वळत असतं.

गेल्या वर्षापर्यंत या बैठकीला आणखी एक विषय होता, नगर-बीड रेल्वे. कधी येणार, कुठवर येणार, आपण असेपर्यंत येणार का. त्यावर दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. 23 सप्टेंबर 2022 ला गाडी आष्टीपर्यंत आली तेव्हाही विषय तग धरून होता, कारण बीड राहिलंच होतं. 17 सप्टेंबर 2025 ला गाडी बीडला पोचली आणि विषय संपला. तात्या त्या दिवशी खिन्न होते. आता सगळा भार क्रॉसकंट्रीवर आहे.

मांडवा. अविनाश साबळे तिथला, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा. घरापासून शाळा सहा किलोमीटर. क्रॉसकंट्री हा सरकारी शब्द झाला, आमच्याकडे त्याला शाळेला जाणं म्हणतात. बारावीनंतर तो सैन्यात गेला, 5 महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन पाहिलं, राजस्थानची वाळू पाहिली, 2015 मध्ये लष्करातल्या क्रॉसकंट्रीत उतरला आणि तिथून स्टीपलचेसकडे वळला. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनी यांचा 37 वर्षांचा विक्रम मोडला. तात्या सांगतात, "मी त्याला शाळेतच हेरलं होतं." तो शाळेत होता तेव्हा तात्या बैल विकत होते हे सगळ्या हॉटेलाला ठाऊक आहे. त्या सालची यादी कुणी मागितली की तात्यांचं उत्तर तयार असतं. ती पत्रिका ज्या लग्नाची होती ते लग्नच मोडलं.

वेळ मोठी की नंबर, या भांडणात दोघंही साबळेलाच साक्षीला बोलावतात आणि दोघांनाही त्याची साक्ष पुरते. टोकियो ऑलिंपिकला तो हीटमध्ये सातवा आला, 8 मिनिटं 18.12 सेकंद, राष्ट्रीय विक्रम मोडून बाहेर. त्याच्याहून सावकाश पळालेले दुसऱ्या हीटमधून फायनलला गेले. "बघा," तात्या म्हणतात, "वेळेला कोण इचारतंय?" मग बँकवाले 2022 चं बर्मिंगहॅम काढतात. राष्ट्रकुलात केनियाचा अब्राहम किबिवोट 8:11.15, साबळे 8:11.20. सेकंदाचा विसावा भाग, आणि सोन्याचं रुपं झालं. "इथं वेळच बोलली ना?" तरी ते रुपं काही साधं नव्हतं, 1994 नंतर त्या शर्यतीचं एकही पदक केनियानं बाहेर जाऊ दिलं नव्हतं. 2023 ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये सोनं आलं तेव्हा दोघंही गप्प होते. एकमत झालं की हॉटेलचा धंदा बसतो.

पॅरिसची फायनल आपल्याकडे 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री एक वाजून गेल्यावर झाली. हॉटेलवाल्यानं शटर अर्धं उघडं ठेवून टीव्ही लावला होता. पुरुषांच्या स्टीपलचेसच्या ऑलिंपिक फायनलला उतरलेला हा पहिला भारतीय, अकरावा आला. बराच वेळ कुणी बोलेना. मग तात्या म्हणाले, "अकरा तालुक्यांत एकच निघाला, अन् जगात अकरावा. हिशोब बरोबर हाय." बँकवाल्यांनी हा हिशोब वहीत घेतलेला मी स्वतः पाहिला.

गेल्या वर्षीच्या तालुका स्पर्धेत तात्यांच्या दहांपैकी तिघं पहिल्या दहांत आले. वळणावर प्रत्येक पोराच्या मनगटात रबर घालतात, म्हणजे मधूनच ओढ्यातनं परत फिरलेला ओळखू येतो. एकाच्या मनगटात दोन रबर निघाले. तेवढ्यात माझा अंगठा मोबाइलच्या घड्याळावर भलत्या जागी पडला आणि पहिल्या चौघांच्या वेळा शून्य झाल्या. बँकवाल्यांनी तो रकाना आजतागायत कोरा ठेवला आहे आणि माझ्याशी ते जरा तुटकच बोलतात. तात्या खूश. वेळच नाही म्हटल्यावर नंबरावरच बोलायचं! पहिला आला होता त्यांचाच पहिला नंबर, धामणगावाकडचं एक काळंसावळं, लांब टांगांचं पोरगं. दुसा.

मग पाऊस. गेल्या सप्टेंबरात तो असा कोसळला की रानं खरवडून गेली आणि आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धेची तारीख दसऱ्यापलीकडे गेली. इथंच यादीवाल्यांची खरी पंचाईत असते. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. ज्यांनी उचल घेतली ते नवराबायको, म्हणजे एक कोयता, पोरंबाळं, कोंबड्या आणि कोपीचं सामान घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर निघतात; हंगाम संपून पट्टा पडल्यावर परत. ऑगस्टातला पहिला नंबर नोव्हेंबरात कऱ्हाडकडे मोळ्या बांधत असतो. हंगामी वसतिगृहं आहेत, कुणी आजीपाशी राहतं, पण पंधरा वर्षांचं पोरगं म्हणजे अर्धा कोयता, ते मागं ठेवणं कुणाला परवडतं? गुडघा, दम, खूर हे सगळं बघणाऱ्या तात्यांच्या यादीत या गोष्टीला रकाना नव्हता.

धामणगावाकडच्या पोराचं सामान बांधलंय असं कळलं त्या संध्याकाळी तात्या मला घेऊन त्याच्या घरी गेले. वाटेत म्हणाले, "सर, त्यो गेला तर माझा पयला नंबर बुडाला. बँकवाला वर्षभर जगू देणार न्हाई." कारण एवढंच होतं, मी शपथेवर सांगतो. पोराची आई पोतं शिवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सुई न थांबवता विचारलं, "अन् ह्याला भाकर कोण घालील, तात्या? तुमची यादी?"

हेडी माणूस सौद्यात मागं हटत नाही. तात्या म्हणाले, "माझ्याकडं खाईल." बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण सौदा झाला होता.

पोरगं राहिलं. जिल्ह्याला चौथं आलं. गाडीतनं परत येताना मी म्हणालो, "तात्या, यादी चुकली." तात्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. "यादी न्हाई चुकली, सर. चारा कमी पडला. म्हातारीला मी सांगत होतो दूध वाढव म्हणून."

पट्टा पडला, आईबाप परत आले, पोरगं त्यांच्यात गेलं. तरी शाळा सुटली की ते अजून तात्यांच्या ओट्यावर असतं, आणि तात्यांची म्हातारी त्याला भाकरीवर दूध ओतून देते. या जुलैची यादी परवा निघाली. मी पत्रिका उलटून बघितली, तर ते दुसऱ्या नंबरावर.

"तात्या, हे काय? पहिला का नाही?"

तात्यांनी पत्रिका घडी करून खिशात घातली. "घरचं पोरगं पयलं लिव्हलं की लोक यादीला नावं ठेवत्यात."

बँकवाल्यांच्या वहीत ते पहिलं आहे.